तोफा मोजाव्या की रसद?

खर्ड्याचे नाव व्याख्यानाच्या विषयात आले म्हणजे १७९५ सालच्या लढाईचे वर्णन ऐकावयास मिळणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. ती लढाई आम्ही सांगणार आहोत. परंतु ज्या प्रश्नाच्या निमित्ताने ती आम्हांस नव्याने वाचावी लागली, तो प्रश्न मात्र इतिहासाच्या पुस्तकातला नाही. आमच्या भाच्याने काही वर्षे बक्षिसाचे आणि ओवाळणीचे पैसे साठविले. त्यातून हातात धरून खेळावयाचा एक गेम विकत घ्यावा, असा त्याचा मनसुबा. बाजारात असली यंत्रे दोन-चार आहेत. त्यांपैकी दोहोंवर त्याची दृष्टी खिळली होती. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून त्याने एका बाजूस व्हॉल्व्ह कंपनीच्या 'स्टीम डेक'चे आणि दुसऱ्या बाजूस निन्टेन्डोच्या 'स्विच २'चे गुण मांडले होते. पडदा एवढ्या इंचांचा, वजन इतके, वेग इतका. पान आमच्यापुढे ठेवून तो म्हणाला, "मामा, तुम्ही इतिहास शिकवता. यातले जिंकणार कोण ते सांगा, म्हणजे मी तेच घेतो."

पोर सहज बोलून गेले, पण त्या वाक्यात दोन गृहीते होती. एक, पानावर मांडलेल्या आकड्यांवरून विजय ओळखता येतो. आणि दुसरे, जो जिंकेल तोच आपल्या उपयोगाचा. ही दोन्ही गृहीते किती खरी, याचा शोध म्हणजेच आजचे हे विवेचन होय.

प्रथम खर्डा. अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील या गावी निंबाळकर घराण्याचा चौकोनी भुईकोट किल्ला आजही उभा आहे. चौथाई व सरदेशमुखीची थकलेली बाकी हे १७९५ च्या युद्धाचे मूळ. मराठ्यांचे वकील गोविंदराव काळे हैदराबादेस तगादा करीत होते आणि निजाम अलीचा दिवाण मुशीरुल्मुल्क त्यांस उद्दाम उत्तरे देत होता. निजामाने इंग्रजांकडे मदत मागितली. पण गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने ती देण्याचे नाकारले. तथापि निजाम लढाईस निघाला, कारण त्याच्या पानावरचे आकडे भरघोस होते. मोठे घोडदळ, भक्कम तोफखाना आणि रेमंड या फ्रेंच सरदाराने कवायत शिकविलेली पलटणे त्याच्यापाशी होती.

मराठ्यांचे पानही काही कोरे नव्हते. सवाई माधवराव पेशवे स्वतः मोहिमेवर निघाले होते. नाना फडणीस सूत्रधार आणि परशुरामभाऊ पटवर्धन सेनापती. दौलतराव शिंद्यांची, पेराँच्या हाताखालील कवायती पलटणे, तुकोजी होळकर आणि नागपूरकर रघूजी भोसले हे सर्व एका निशाणाखाली आले होते. ग्रँट डफच्या हिशेबाप्रमाणे दोन्हीकडे लाखाच्या वर माणूस होते. तेव्हा 'दुबळ्याने बलाढ्याला लोळविले' अशी ही कथा नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. आकड्यांच्या दृष्टीने सामना जवळजवळ तोलामोलाचा होता, आणि म्हणूनच तो बोधप्रद आहे. आकडे जेथे सारखे होतात, तेथे न मोजलेली गोष्ट निकाल लावते.

निजाम मोहरीच्या घाटाने खाली उतरला तो आपला जनानखाना बरोबर घेऊन. ११ मार्च रोजी युद्धाला तोंड लागले. रेमंडची पलटणे नेटाने लढत होती. परंतु उंचवट्यावरील पेराँच्या तोफांनी आणि भोसल्यांच्या बाणांनी मोगलांच्या घोडदळाची फळी फुटली. संध्याकाळी जनानखान्याच्या काळजीने घाबरलेल्या निजामाने रेमंडलाही माघारी बोलाविले. रात्री जे घडले ते ग्रँट डफने नोंदविले आहे. मराठ्यांची एक लहानशी टोळी घोड्यांना पाणी पाजावयास म्हणून ओढ्यावर गेली आणि अंधारात मोगलांच्या तुकडीशी तिची गाठ पडली. गोळ्या सुटल्या, आवाजाने सारी छावणी उठली, आणि शत्रू अंगावर आला या समजुतीने एवढी थोरली फौज सामानसुमान टाकून पळत सुटली. निजामाने खर्ड्याच्या भुईकोटात आश्रय घेतला. सभोवार टेकड्या, टेकड्यांवर मराठे. आत माणूस अफाट आणि अन्नपाणी तुटपुंजे. तोफा असून उपयोग नव्हता. थोड्याच दिवसांत त्याने तह मागितला आणि दौलताबादच्या किल्ल्यासह मोठा मुलूख देऊन, दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन करून आपली सुटका करून घेतली.

यातून आम्ही एवढेच घेतो की, फौजेची किंमत ठरविताना तोफा मोजणे सोपे असते आणि रसद मोजणे कंटाळवाणे असते. तोफ दिसते, ओढ्याचे पाणी दिसत नाही. ही गोष्ट मनात ठेवून आता हातातल्या खेळांच्या इतिहासाकडे वळू.

हा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील मॅटेल कंपनीने १९७६ च्या सुमारास 'ऑटो रेस' नावाचा, पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक असा हातातला खेळ काढला. त्याच्या पडद्यावर चित्र नव्हे, तर लाल ठिपके पळत. १९७९ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीने 'मायक्रोव्हिजन' काढून एक पाऊल पुढे टाकले. यात खेळाची कॅसेट बदलता येई. म्हणजे यंत्र एक आणि खेळ अनेक. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, जपानातील निन्टेन्डो कंपनीने 'गेम अँड वॉच' ही मालिका सुरू केली. ही कंपनी १८८९ साली क्योटो शहरात पत्ते करण्यासाठी निघाली होती. आपल्याकडे सावंतवाडीच्या गंजिफा, तशी तिकडे फुलांची चित्रे असलेली पानांची जोडी. त्या कारखान्यात १९६५ साली यंत्रांची देखभाल करावयास लागलेला गुनपेई योकोई नावाचा माणूस पुढे खेळणी करू लागला. गाडीत बसलेला एक प्रवासी वेळ जात नाही म्हणून गणकयंत्राची बटणे दाबीत असलेला त्याने पाहिला आणि त्यावरून त्याला 'गेम अँड वॉच'ची कल्पना सुचली, असे सांगतात. १९८२ च्या 'डाँकी काँग' या खेळात त्याने डाव्या अंगठ्यासाठी अधिक चिन्हाच्या आकाराची कळ बसविली. आज जगातील बहुतेक गेमांवर तिचीच वंशावळ दिसते.

योकोईचा एक सिद्धांत होता. अगदी नवे, महाग तंत्र खेळण्यात घालू नये. जे तंत्र जुने झाले, पुरते माहीत झाले आणि म्हणून स्वस्त झाले, त्याचा कोणी न केलेला उपयोग शोधावा. कापड जुने, पण शिवण नवी, असा हा विचार होता. त्याची खरी परीक्षा १९८९ साली झाली.

त्या वर्षीच्या २१ एप्रिलला जपानात 'गेम बॉय' विक्रीस आला. पडदा हिरवट, रंग नाहीत, फक्त चार छटा. आत दिवा नसल्याने अंधारात काही दिसावयाचे नाही. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ९० डॉलर होती. त्याच वर्षी अटारी कंपनीने 'लिंक्स' बाजारात आणला. त्याचा पडदा रंगीत, आतून उजळणारा आणि चित्रे चपळ. किंमत सुमारे १८० डॉलर. १९९० च्या ऑक्टोबरात सेगा कंपनीचा 'गेम गिअर' जपानात निघाला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत सुमारे १५० डॉलरला मिळू लागला. त्याचाही पडदा रंगीत व उजळ होता; वर एक जोड बसविला की त्यावर दूरचित्रवाणीदेखील दिसे. त्या वेळी कोणी आमच्या भाच्यासारखे पान आखले असते, तर गेम बॉयच्या बाजूस दाखविण्यासारखे काय निघाले असते? तोफखाना सगळा पलीकडच्या बाजूस होता.

पण आता रसद मोजा. गेम बॉयला पेन्सिल सेल चार लागत आणि ते सुमारे पंधरा तास चालत. गेम गिअरला सहा लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. लिंक्सचीही गत तीच. साधा त्रैराशिकाचा हिशेब करू. गेम गिअर चार तास चालला असे धरले, तर तासाला दीड सेल. गेम बॉयला तासाला पाव सेलाहून किंचित अधिक. म्हणजे रंगाची हौस चालविण्यास पाचपटीहून जास्त सेल. मुलगा रोज एक तास खेळला तर महिन्यास एकीकडे आठ सेल, दुसरीकडे पंचेचाळीस. यंत्र बाप एकदा घेऊन देतो. सेल मुलाला दर आठवड्यास मागावे लागतात. घरात कुरबुर यंत्राच्या किमतीवरून होत नाही, ती सेलांवरून होते. गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत अवतार मिळून ११ कोटी ८० लाखांच्या वर खपले. गेम गिअर एक कोटीच्या थोडा पुढे जाऊन थांबला. सेगा कंपनीने २००१ साली यंत्रे करणेच सोडून दिले.

येथे थांबून 'सेलांनी लढाई जिंकली' असे म्हणावे, असा मोह होतो. इतिहासकाराने असा मोह आवरावा. कारण याच योकोईने निन्टेन्डो सोडल्यावर बान्दाई कंपनीसाठी 'वंडरस्वान' नावाचे यंत्र योजिले. तो १९९७ साली रस्त्यावरील अपघातात वारला. यंत्र १९९९ मध्ये निघाले. त्याला पेन्सिल सेल एकच लागे आणि तो तीस तासांच्या आसपास चाले. किंमतही कमी, ४,८०० येन. रसदीच्या हिशेबात याच्या तोडीचे दुसरे नव्हते. तरीही ते जपानाबाहेर फारसे गेले नाही आणि गेम बॉयच्या वंशजांपुढे टिकले नाही. का? कारण तोपर्यंत गेम बॉयपाशी सोबती जमले होते.

ही दुसरी न दिसणारी गोष्ट. मॉस्कोतील अलेक्सेई पाजितनोव्ह या गणकशास्त्रज्ञाने १९८४ साली 'टेट्रिस' हा ठोकळे रचण्याचा खेळ केला. अमेरिकेत गेम बॉयबरोबर तोच खेळ दिला गेला. तो आजीलाही समजे आणि नातवालाही. शिवाय दोन गेम बॉय तारेने जोडून दोघांना सामना खेळता येई. १९९६ साली 'पोकेमॉन' निघाला, तेव्हा ही तार म्हणजे खेळाचा प्राणच झाली. कारण सर्व प्राणी एकट्याला मिळवताच येत नसत, ते मित्राशी अदलाबदल करूनच मिळवावयाचे. मित्राकडे तेच यंत्र असणे, हा यंत्राचा गुण कोणत्याही पानावर लिहिलेला नसतो. कारण तो यंत्रात नसून गल्लीत असतो. खर्ड्यास शिंदे, होळकर, भोसले आणि पटवर्धन एका निशाणाखाली आले, हे बळ कोणत्या तोफेच्या गोळ्यात मोजणार?

पानावर न दिसणाऱ्या गोष्टींची आणखी दोन उदाहरणे देतो. नोकिया कंपनीने २००३ साली 'एन-गेज' काढला. फोन आणि गेम एकात. कल्पना काळाच्या पुढची होती. परंतु पहिल्या नमुन्यात खेळ बदलावयाचा तर मागचे झाकण उघडून बॅटरी काढावी लागे, आणि फोनवर बोलताना यंत्र आडवे, कडेवर उभे धरून कानाशी लावावे लागे. पानावर दोन यंत्रांचे गुण. हातात एकाचीही सोय नाही.

दुसरे उदाहरण २०११ चे. फेब्रुवारीत निन्टेन्डोचा 'थ्रीडीएस' जपानात २५,००० येनांना निघाला आणि ऑगस्टमध्ये त्याची किंमत १५,००० येनांवर आली. ज्यांनी घाई केली होती, त्यांची समजूत कंपनीने वीस जुने खेळ फुकट देऊन घातली. वर्षअखेरीस सोनीचा 'व्हीटा' आला. पडदा देखणा, शक्ती मोठी. परंतु त्याला लागणारे मेमरी कार्ड खास त्याच्याच घडणीचे आणि महाग. पेटीवरची किंमत आणि खेळावयास बसण्याची किंमत यांत अंतर पडले. थ्रीडीएस शेवटी साडेसात कोटींच्या वर खपला. व्हीटा त्याच्या जवळपासही पोहोचला नाही. पण या विजयालाही पुढचे पान आहे. थ्रीडीएसवर खेळ विकत घेण्याचे कंपनीचे दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद झाले. जिंकलेल्या यंत्राची रसददेखील एके दिवशी तुटते.

आपल्या मुलखातली स्थिती निराळी होती. गेम बॉय पाहिलेली मुले खेड्यात फार नव्हती. १९९० नंतरच्या दशकात जत्रांतून आणि एस. टी. स्टँडजवळच्या दुकानांतून जो गेम मिळे, तो 'ब्रिक गेम'. वर '९९९९ खेळ' असे छापलेले. प्रत्यक्षात ठोकळे रचणे, मोटार चालविणे, साप असे मोजके खेळ आणि त्यांचीच वेगवेगळ्या वेगाची रूपे. ९९९९ या आकड्याने आम्ही सारे फसलो, आणि फसूनही त्यावर तासन् तास खेळलो. कारण ते दोन पेन्सिल सेलांवर दीर्घकाळ चाले, हातातून पडले तरी बिघडत नसे, आणि सेल किराणा दुकानात मिळत. पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमनाने वीज तासन् तास जाई, तेव्हा चार्जिंगच्या यंत्रापेक्षा सेलांचे यंत्र शहाणे ठरे. जपानात ज्या विचाराने गेम बॉय घडला, तोच विचार आपल्याकडे परिस्थितीने शिकविला.

आता भाच्याच्या पानाकडे परत येऊ. २०२३ साली निघालेल्या 'स्टीम डेक'च्या सुधारित नमुन्याचा पडदा ७.४ इंचांचा, वजन सुमारे ६४० ग्रॅम आणि बॅटरी, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे, ३ ते १२ तास. जून २०२५ मध्ये आलेल्या 'स्विच २'चा पडदा ७.९ इंचांचा आणि अधिक बारीक ठिपक्यांचा, वजन सुमारे ५३४ ग्रॅम आणि बॅटरी सुमारे २ ते ६.५ तास. मुलाने पडद्याच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या. बॅटरीच्या ओळीत मात्र त्याने केवळ मोठा आकडा लिहिला होता. लहान आकडा वगळला होता. निजामाच्या दरबारातही असेच झाले असावे, असे आमच्या मनात आल्यावाचून राहिले नाही. आम्ही त्याला म्हटले, "दोन ते साडेसहा म्हणजे काय? हलका खेळ खेळलास तर साडेसहा, आणि ज्या भारी खेळासाठी तू हे घेतो आहेस तो खेळलास तर दोनच्या जवळ. तुझा आकडा लहान बाजूचा आहे. डेकच्या बाजूलाही तीनच धर, बारा नव्हे."

मग आम्ही त्या पानावर चार ओळी नव्याने आखल्या. खेळावयाचे कोठे: घरी खुंटीपाशी, की गाडीत? खेळ कोणते, आणि ते दरवेळी नव्याने विकत घ्यावे लागतील की आधीचेच चालतील? बिघडले तर दुरुस्ती कोठे, किती कोसांवर? आणि सोबत्यांकडे काय आहे? पहिल्या ओळीत डेक पुढे होता. दुसऱ्या ओळीत, घरच्या कॉम्प्युटरवर स्टीमचे घेतलेले बहुतेक खेळ डेकवर पुन्हा पैसे न देता चालतात, म्हणून त्याचेच पारडे जड झाले. चौथ्या ओळीत मात्र उलट झाले. मामेभावाकडे जुना 'स्विच' होता, आणि त्याचे बहुतेक खेळ 'स्विच २' वर चालतात. कॅसेटी एकमेकांना देताघेता येतात. तिसऱ्या ओळीत दोन्ही बाजू सारख्याच लंगड्या निघाल्या.

भाचा पान पाहून हिरमुसला. "मग जिंकले कोण?" असे त्याने पुन्हा विचारले. येथेच त्याचे दुसरे गृहीत तपासण्याची वेळ आली. बाजारात कोण जिंकले, हे सांगणे इतिहासाचे काम आहे. परंतु घेणाऱ्याचा प्रश्न तो नव्हेच. सोनीचा 'पीएसपी' निन्टेन्डोच्या 'डीएस'पुढे हरला असे म्हणतात. कारण डीएस १५ कोटींच्या वर खपला आणि पीएसपी आठ कोटींच्या आसपास. पण ज्या आठ कोटी लोकांनी तो घेतला, ते काही हरले नव्हते. गेम गिअर बाजारात मागे पडला, तरी ज्या मुलाने तो खुंटीला जोडून घरात खेळला, त्याच्या वाट्याला रंग आले आणि सेलांची कुरबुर आली नाही. यंत्राची मोहीम आणि आपली मोहीम एक नसते. आपली वाट किती कोसांची आणि त्या वाटेवर पाणी कोठे आहे, हे ज्याचे त्याला मोजावे लागते.

शिवाय विजयावर भरवसा ठेवून निवड करणाऱ्याने खर्ड्याचा शेवटही वाचावा. मार्चमध्ये हा अपूर्व जय मिळाला आणि त्याच वर्षीच्या २७ ऑक्टोबरला सवाई माधवराव पेशवे निवर्तले. सारे मराठे सरदार पेशव्यांच्या निशाणाखाली एकवटले ते खर्ड्याला शेवटचेच. पुढच्या काही वर्षांत ते एकमेकांविरुद्ध उभे राहिले. ज्या जुटीने लढाई जिंकली, तीच विजयानंतर सांभाळता आली नाही.

भाच्याने अखेर काय घेतले, हे श्रोत्यांना ऐकावेसे वाटत असेल. त्याने त्या दिवशी काहीच घेतले नाही. पान घडी करून तो मामेभावाकडे गेला, त्याचे जुने यंत्र आठ दिवस मागून आणले, आणि आपण रोज किती वेळ, कोठे आणि कोणाबरोबर खेळतो याची टिपणे केली. आठ दिवसांत तो एकटा असा फार थोडा खेळला. खेळला तो बहुतेक भावाशी. त्यावरून त्याने आपला निर्णय केला. साठविलेल्या पैशांतून जे त्याने घेतले, ते पडद्याच्या ओळीखाली दोन रेघा मारून घेतलेले नाही, एवढे आम्ही सांगू शकतो. मोहरीचा घाट उतरण्याच्या आधी निजामाने एक माणूस पुढे पाठवून ओढ्याला पाणी किती हे पाहिले असते, तर आजच्या व्याख्यानाला कदाचित विषयच उरला नसता.